नासा बघून झाल्यावर

पुणे जिल्हा परिषदेने २०२५ मध्ये आपल्या शाळांतल्या मुलांची परीक्षा घेतली, आयुका या पुण्यातल्या खगोलशास्त्र संस्थेच्या मदतीने निवड केली, आणि पन्नास जणांना इस्रो व पंचवीस जणांना नासा दाखवायचं ठरवलं. तेव्हापासून आमच्या तंत्रनिकेतनाच्या जुन्या बॅचच्या ग्रुपवर जे भांडण पेटलंय ते अजून विझलेलं नाही. एक बाजू म्हणते, खेड्यातल्या पोरीने विमानात पाय ठेवला हीच केवढी गोष्ट! दुसरी म्हणते, शाळेत धड परीक्षानळ्या नाहीत आणि तुम्ही अमेरिकेची तिकिटं काढताय. दोन्हीकडून दमले की माझ्याकडे वळतात. "तू तिथंच आहेस ना गं, तूच सांग."

मी डेन्व्हरजवळ राहते. दिवसा नोकरी, आणि आठवड्यातल्या काही संध्याकाळी इथल्या एका कम्युनिटी कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्सची प्रॅक्टिकल्स घेते. एवढ्या भांडवलावर सांगायचं तर सहलीला माझा विरोध नाही. ज्या घरात कुणी पासपोर्ट पाहिला नव्हता त्या घरातल्या मुलीचा पासपोर्ट निघाला, त्याचा हिशेब परीक्षानळ्यांत करू नये. पण नासा बघणं हे फार अवघड काम नाही. फ्लोरिडात तिकीट काढलं की कोणालाही आत सोडतात; आपल्याकडून येणाऱ्या आईवडिलांना डिस्नेच्या आदल्या दिवशी तिथे नेण्याची तर प्रथाच आहे. माझी तक्रार वेगळी आहे. या भांडणात दोन्ही बाजू एकाच मुलांबद्दल बोलतात. गुणवत्ता यादीत वर आलेली, हुशार, निवडलेली मुलं. दहावीला साठ-बासष्ट टक्के पडले म्हणून डिप्लोमाला किंवा आयटीआयला गेलेल्या पोरांचं नाव त्यात कुणी काढत नाही. आमच्या ग्रुपवर तरी काढायला हवं होतं, कारण आम्ही सगळे तेच.

कम्युनिटी कॉलेज हा प्रकार आपल्याकडे तंतोतंत सापडत नाही. दोन वर्षांचा अभ्यासक्रम, प्रवेशपरीक्षा नाही, कट-ऑफ नाही, फी विद्यापीठाच्या मानाने बरीच कमी. असलं पहिलं सरकारी कॉलेज १९०१ मध्ये शिकागोजवळ जोलिएट इथे सुरू झालं. आज देशभर हजाराच्या आसपास आहेत. इथून वेल्डिंगचं प्रमाणपत्र घेऊन कामाला लागता येतं, नाहीतर दोन वर्षांनी चार वर्षांच्या विद्यापीठात सरळ तिसऱ्या वर्षाला जाता येतं. निम्म्याहून जास्त मुलं अर्धवेळ शिकतात. 'मुलं' हे आपलं सवयीने म्हणायचं. माझ्या वर्गात लष्करातून सुटलेला पस्तिशीचा गडी असतो, रात्रपाळी करून आलेली दोन लेकरांची आई असते आणि नुकती शाळा संपवलेलं, डोळ्यांवर केस आलेलं पोरगंही असतं. आपल्या मराठी मंडळात मात्र 'कम्युनिटी कॉलेज' हे शब्द आवाज खाली करून उच्चारतात. मुलाला कुठे मिळाली अॅडमिशन, या प्रश्नावर आई विषय बदलते. हे आपण भारतातून सोबत आणलेलं सामान आहे, इथलं नव्हे.

तर अशा कॉलेजांतली ही मंडळी अवकाशात जाणारे पेलोड, म्हणजे रॉकेटमधून वर पाठवायची प्रयोगाची यंत्रं, बनवतात. बनवतात म्हणजे चित्रकला स्पर्धेत नव्हे. व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर वॉलॉप्स बेट आहे, नासाचा जुना रॉकेटतळ. कोलोरॅडो स्पेस ग्रँट या संस्थेने वॉलॉप्सच्या साथीने २००८ पासून विद्यार्थ्यांसाठी एक पायऱ्या-पायऱ्यांची योजना चालवली आहे. पहिल्या पायरीवर तिघांची एक टीम काही दिवसांच्या कार्यशाळेत तयार किटमधून एक छोटा संच जोडते: त्वरण, दाब, तापमान मोजणारे सेन्सर, किरणोत्सर्ग मोजणारा गायगर काउंटर, हे सगळं चालवणारी मायक्रोकंट्रोलर चिप. त्याच आठवड्यात ते रॉकेटमधून शंभर किलोमीटरच्या वर जाऊन येतं. सगळ्यात वरची पायरी रॉकसॅट-एक्स. तिथे किट नाही. प्रयोग तुमचा, यंत्र तुमचं. रॉकेट साधारण दीडशे किलोमीटर उंच जातं, वर पोचल्यावर बाहेरचं कवच सुटतं आणि तुमचं यंत्र उघड्या अवकाशात काही मिनिटं काम करतं. मग पॅराशूटने अटलांटिकमध्ये. बोट जाऊन ते काढून आणते, तेही दर वेळी सापडेलच असं नाही.

त्या काही मिनिटांसाठी वर्षभर राबावं लागतं, आणि शिक्षण असतं ते त्या राबण्यात. सप्टेंबरच्या सुमारास कल्पना मांडायची. मग तीन रिव्ह्यू: संकल्पना, प्राथमिक आराखडा, अंतिम आराखडा. वजनाची मर्यादा, जागेची मर्यादा, विजेची मर्यादा. रॉकेटकडून वीज कोणत्या सेकंदाला मिळेल आणि कोणत्या सेकंदाला बंद होईल हे आधी लिहून द्यायचं. उन्हाळ्यात वॉलॉप्सला जाऊन यंत्र कंपनाच्या टेबलावर चढतं. तिथे टेबल थरथरायला लागलं की एकेका सोल्डरची जात कळते. वायर झिप-टायने बांधली का, कनेक्टरला चिकट लावलं का, स्क्रू सैल पडू नये म्हणून काय केलं? असल्या प्रश्नांपुढे कुणाचं मेरिट काढलं जात नाही. ज्याने आयुष्यभर गाड्यांखाली झोपून नटबोल्ट आवळलेत त्याला ही उत्तरं आधीच ठाऊक असतात. कॅल्क्युलसमध्ये गटांगळ्या खाणारा माणूस त्या दिवशी टीमचा म्होरक्या होतो, हे मी पाहिलंय.

मला यात सगळ्यात शिकण्यासारखं वाटतं ते मात्र तंत्राचं नाही. छोट्या कॉलेजांनी एकत्र येऊन एक पेलोड केला, ते. हवाईचं उदाहरण घ्या. तिथली चार कम्युनिटी कॉलेजं, होनोलुलू, विंडवर्ड, कापिओलानी आणि कौआई, 'प्रोजेक्ट इमुआ' या नावाखाली एकत्र आली आणि २०१५ पासून रॉकसॅट-एक्सवर त्यांचे पेलोड गेले. पहिली तीन ओआहू बेटावर, चौथं दुसऱ्याच बेटावर, मध्ये समुद्र. आणि उड्डाण दुसऱ्या महासागराच्या काठी, साडेसात हजारांवर किलोमीटर लांब. एका कॉलेजाने अतिनील किरणांचा वर्णपटमापक केला. दुसऱ्याने एक इवलीशी रॉकेट-मोटर केली, ती इंधन न जाळता चालणारी. घन पदार्थाचा थेट वायू होतो आणि त्या वायूच्या रेट्याने ती पुढे सरकते. आपल्या शाळेच्या पुस्तकात संप्लवन म्हणून कापूर आणि डांबरगोळी असते, तेच तत्त्व.

चारांपैकी एकालाही हे एकट्याने झेपलं नसतं. कुणाकडे यंत्रशाळा, कुणाकडे इलेक्ट्रॉनिक्सचा मास्तर, कुणाकडे नुसताच उत्साह. इथे कोलोरॅडोतही कम्युनिटी कॉलेजांनी मिळून पेलोड केलेत. एकत्र काम म्हणजे गोडीगुलाबी असते असं मात्र नाही. एका कॉलेजाने पाठवलेल्या प्लेटची भोकं दुसऱ्याच्या बोर्डाशी जुळत नाहीत, मग शनिवारी रात्री फोनवर आवाज चढतात. ड्रॉइंगची कोणती आवृत्ती खरी यावर टीम फुटायची वेळ येते. पण नोकरीत पहिल्याच वर्षी हेच वाट्याला येतं; ते इथे कॉलेजातच भोगून होतं.

आता आपल्याकडे या. विद्यार्थ्यांनी अवकाशात काही पाठवलं नाही असं मुळीच नाही. पुण्याच्या सीओईपी या इंजिनीअरिंग कॉलेजाचा 'स्वयम्' उपग्रह जून २०१६ मध्ये इस्रोच्या पीएसएलव्ही-सी३४ रॉकेटमधून गेला, एक किलोपेक्षाही कमी वजनाचा. त्याच वर्षी सप्टेंबरात आयआयटी मुंबईचा 'प्रथम' गेला. अलीकडे इस्रोने फार चांगली सोय केली आहे: काम संपलेल्या पीएसएलव्हीचा चौथा टप्पा कक्षेतच ठेवायचा आणि त्यावर इतरांचे प्रयोग चालवायचे. 'पोएम' म्हणतात त्याला. मुंबईच्या के. जे. सोमय्या संस्थेचा रेडिओ पेलोड १ जानेवारी २०२४ च्या उड्डाणात पोएमवर होता. ३० डिसेंबर २०२४ च्या उड्डाणात पुण्याच्या एमआयटी-डब्ल्यूपीयूचा आणि अॅमिटी मुंबईचा होता. अॅमिटीने तर पालकाच्या भाजीच्या पेशी पाठवल्या. अभिमानाचीच गोष्ट आहे. पण ही यादी पुन्हा वाचा. आयआयटी, जुनं नावाजलेलं इंजिनीअरिंग कॉलेज, खाजगी विद्यापीठं. प्रत्येक पेलोडवर एकेकट्या संस्थेची पाटी. तंत्रनिकेतन कुठे आहे? आयटीआय?

"डिप्लोमाच्या पोरांना झेपणार नाही," असं ग्रुपवर लगेच कुणीतरी लिहिलं. आणि लिहिणारा स्वतः डिप्लोमाच! मला वाटतं अडचण झेपण्याची नाही, मुदतीची आहे. 'स्वयम्'ला जवळपास आठ वर्षं लागली. ज्यांनी पहिली रेघ ओढली ते उड्डाणाच्या वेळी नोकरीत स्थिरावून लग्नकार्यं उरकून बसले असतील. चार वर्षांच्या कॉलेजात एका बॅचने दुसरीकडे काम सोपवत हे निभावतं. दोन-तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात नाही निभावत. तिथे सप्टेंबरात सुरू झालेलं काम पुढच्या ऑगस्टात उडायलाच हवं, म्हणजे ज्याने जोडलं त्याच्याच हातात माहिती येईल. कक्षेत न जाणारं, नुसतं वर जाऊन खाली येणारं रॉकेट त्यासाठी योग्य. आणि ते आपल्याकडे आहे. केरळात थुंब्याला २१ नोव्हेंबर १९६३ रोजी पहिलं रॉकेट उडालं ते याच जातीचं. नायकी-अपाची, अमेरिकेतून आलेलं. त्यासाठी आपली जी माणसं शिकायला पाठवली त्यांत कलाम होते, आणि ती शिकली याच वॉलॉप्समध्ये. आज इस्रोचं स्वतःचं आरएच-२०० आहे, साडेतीन मीटर लांब, सत्तर-ऐंशी किलोमीटर उंच जाणारं. नोव्हेंबर २०२२ मध्ये त्याचं सलग दोनशेवं यशस्वी उड्डाण झालं. इतकं भरवशाचं वाहन दारात असताना विद्यार्थ्यांसाठी वर्षाकाठी एक उड्डाण राखून ठेवायला काय हरकत आहे, हे मला कळत नाही.

हे सगळं वाचून इथलं काही फार थोर आहे असा समज नको. नासाच्या ज्या स्पेस ग्रँटच्या पैशावर हे चालतं ती योजना अमेरिकी काँग्रेसने १९८७ मध्ये मंजूर केली, पन्नासही राज्यांत पोचली, आणि तरी तिच्या मानेवर दर थोड्या वर्षांनी सुरी येते. २०१७ मध्ये सरकारने नासाचा शिक्षण विभाग बंद करायचा प्रस्ताव ठेवला. काँग्रेसने ऐकला नाही. २०२५ मध्ये पुन्हा तोच प्रस्ताव. प्राध्यापकांचं निम्मं डोकं पुढच्या वर्षी पैसे येतील का यात जातं. दुसरं, स्पेस ग्रँटची विद्यार्थ्यांना मिळणारी मदत अमेरिकी नागरिकांनाच. माझ्या वर्गातला परदेशी विद्यार्थी सोल्डरिंग सगळ्यांत सफाईदार करतो, पण त्याच्यासाठी रॉकेटतळाच्या फाटकाआड जाणं म्हणजे कागदपत्रांचा वेगळाच प्रपंच. आणि कम्युनिटी कॉलेजात पाऊल ठेवणाऱ्यांपैकी निम्म्यांहून कमी लोक सहा वर्षांतही काही पदवी-प्रमाणपत्र पुरं करतात. गाडी बिघडली, मूल आजारी पडलं, कामाची पाळी बदलली की माणूस यायचा थांबतो. पेलोड टीमचंही तसंच होतं. सप्टेंबरात दहा जण असतात, उड्डाणाला निम्मे उरतात.

म्हणून माझं म्हणणं मर्यादित आहे. महाराष्ट्रात चारशेहून अधिक सरकारी आयटीआय आहेत, शिवाय तंत्रनिकेतनं. सोलापूर, धाराशिव, लातूर, नांदेड अशा चार जिल्ह्यांतल्या संस्था घ्या. टर्नर-फिटरची मुलं यंत्राचा डबा करतील, इलेक्ट्रॉनिक्सवाले बोर्ड, कॉम्प्युटरवाले प्रोग्रॅम. जवळच्या विद्यापीठाने रिव्ह्यू घ्यावेत, आणि त्यात नापास करायची हिंमत ठेवावी. पहिली दोन वर्षं रॉकेटही नको, हीलियमचा फुगा चालेल. मात्र तयार किट देऊन, फोटो काढून 'विद्यार्थ्यांनी उपग्रह बनवला' अशी बातमी छापायची नाही. किटने सुरुवात जरूर करावी, वॉलॉप्सलाही पहिली पायरी किटचीच आहे; पण तिला उपग्रह म्हणत नाहीत आणि तिथे थांबतही नाहीत. फ्लेक्स लावायचाच असेल तर चारही संस्थांची नावं सारख्या आकारात. ही अट मी गमतीने लिहिली होती, पण ग्रुपवर सगळ्यात जास्त चर्चा नेमकी तिच्यावरच झाली.

आमच्या बॅचचा एक जण आता मराठवाड्यातल्या एका तंत्रनिकेतनात विभागप्रमुख आहे. एवढं सगळं लिहून झाल्यावर त्याचं उत्तर आलं: "बाई, कल्पना झकास. पण सोल्डरवायरचं बिल कोणत्या हेडखाली टाकू? आणि पोरं दुसऱ्या जिल्ह्यात नेताना एसटीत काही झालं तर सही कुणाची?" प्रश्न चेष्टेचे नाहीत. सहीचं उत्तर माझ्याकडे नाही. इथे प्रौढ विद्यार्थी स्वतःच सही करतो, तिथे सोळा-सतरा वर्षांच्या पोरांचं तसं नाही. पैशांचं आहे. जिल्हा नियोजन समितीत नावीन्यपूर्ण योजनांसाठी वेगळी तरतूद असते, तिथे चारही जिल्ह्यांनी एकच प्रस्ताव द्यायचा. त्यावर तो म्हणाला की चार जिल्ह्यांची एकच फाइल आजवर कुणी फिरवलेली नाही. मग म्हणाला, दोन जिल्ह्यांपासून बघतो, तू तेवढा गेल्या वर्षीच्या रिव्ह्यूचा नमुना पाठव, नावं खोडून.