थेंबभर पाणी न लागलेली गाडी

जुनी गाडी विकणारा पुण्याचा असेल तर सर्व्हिसिंगच्या पावत्यांची फाईल काढतो. मुंबईचा असेल तर ‘पार्टी तयार आहे, आज सांगा’ म्हणून घाई करतो. आमच्या मराठवाड्यातला माणूस दुष्काळ दाखवतो.

“आपल्याकडं पाऊसच कुठं पडालाय हो, गंजायला?” बापू म्हणाले. औसा तालुक्यातल्या एका वाड्यामागं, कडब्याच्या गंजीला टेकून उभ्या असलेल्या प्रीमियर पद्मिनीवर त्यांनी हात ठेवला होता. “2016ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं. माणसाला प्यायला नव्हतं, ते गाडीला कुठून लागतंय?”

हे म्हणणं खोडायला मी धजलो नाही, कारण ते निम्मं खरं आहे. खारी हवा खाऊन मुंबईच्या गाड्यांचा पत्रा जसा आतून पोखरतो तसा आमच्याकडं पोखरत नाही. म्हणून तर मी आलो होतो. गाडी 1981ची, कुर्ल्याच्या कारखान्यातली. इंजिन 1089 सीसीचं, गियर स्टिअरिंगच्या दांड्यावर, पुढच्या दारांना वारा आत घेणारी ती फिरती तिकोनी काच. बापूंचे वडील तात्या लातूरच्या मोंढ्यात आडत करायचे. तेव्हा गाडीसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघावी लागायची, आणि गाडी आली त्या दिवशी तिला ओवाळायला निम्मं गाव आलं होतं म्हणे. उरलेलं निम्मं आज आलं होतं.

माझ्यासोबत मिस्त्री चाचा होते. फियाटच्या, म्हणजे पद्मिनीच्याच, इंजिनात हयात घालवलेला माणूस. येतानाच त्यांनी बजावलं होतं, “मियाँ, गाडी का मूं नक्को देखो, पेट देखो.” पोट बघायला मी पोतं अंथरून आडवा झालो, तर मागून आवाज आला, “कामून खाली शिरायलाव? धामण असती तिथं.”

मी शिरलो होतो त्यापेक्षा जास्त वेगानं बाहेर आलो.

“काही करत नाही,” बापू म्हणाले. “घरचीच हाय.”

तेव्हा पोट राहू दिलं आणि मी फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक काढलं. जिथं खरा पत्रा असतो तिथं ते धरतं. वरून लांबी, म्हणजे पुट्टी, भरून रंग मारला असेल तिथं घसरून खाली पडतं. मागच्या डाव्या मडगार्डवर ते पडलं.

“इथं लांबी भरलीय,” मी म्हणालो.

“भरावीच लागली. तात्या तुळजापूरहून येऊलालते. अंधारात बैलगाडी आडवी आली. बैलाला खरचटलंसुद्धा नाही.”

“बैल आमचा होता,” गर्दीतले एक आजोबा म्हणाले, आणि गाडी बाजूला राहून त्या बैलाची वंशावळ सुरू झाली.

दाराखालच्या पत्र्यात माझं बोट आरपार गेलं. तिथं पाय देऊन धाकटा भाऊ लटकत शाळेला जायचा. छतावर पोचा होता. एका निवडणुकीत त्यावर भोंगा बांधला होता. मागचं बंपर वाकडं, कारण ट्रॅक्टर शिकायला सुरुवात बापूंनी रिव्हर्सपासून केली. मी दोष दाखवायचा आणि तात्यांच्या चरित्राचं आणखी एक पान ऐकायचं, असं चाललं होतं. गाडी तपासायची ती भाव पाडण्यासाठी. इथं प्रत्येक पोच्यागणिक भाव चढत होता.

पायाखालचं रबर उचललं तेव्हा मात्र जमीन दिसली. गाडीची नव्हे, औसा तालुक्याची. कोरड्या हवेची महती तिथं संपली. पाऊस कितीही कमी असो, पडतो तेवढी ओल कडबा धरून ठेवतो, आणि काळी माती खालून वाफ सोडत राहते. बारक्या शेळ्या रात्री गाडीखाली बसतात त्यांचा हातभार वेगळाच. त्यात कुणीतरी सीटवर सोयाबीनची पोती ठेवलेली. सांडलेल्या एका दाण्यानं कोपऱ्यात कोंब काढला होता.

मी तो बापूंना दाखवला. ते हरखलेच. “बघा! पेरणी न करता.”

बॉनेट उघडल्यावर चाचा बराच वेळ काही बोलले नाहीत. वायरींचं प्लास्टिक उंदरांनी खाल्लं होतं, तांबं तेवढं सोडलं होतं. मग त्यांनी हळूच विचारलं, “कार्बोरेटर किधर है?”

“ते लातूरला दुरुस्तीला टाकलंय.”

“कब?”

“98ला. आणायचंच ऱ्हायलंय.”

चाचांनी डिपस्टिक ओढून बोटांत तेल चोळलं. हेड गॅसकेट गेलं असेल आणि तेलात पाणी मिसळलं असेल तर ते दुधाळ दिसतं. हे काळंकुट्ट होतं. बापूंनी विजयानं माझ्याकडं पाहिलं, “म्हणलं नव्हतं, पाण्याचा संबंधच नाही?” पुढचा प्रश्न इंजिन जाम आहे का हा. टॉप गियरमध्ये टाकून ढकललं की कळतं, पण ब्रेक ड्रमला असे धरून बसले होते की ‘हर हर महादेव’ म्हणत सगळ्यांनी रेटूनही गाडी जागची हलली नाही. कडब्याची गंज तेवढी हलली. मग चाचांनी प्लग काढले, भोकांतून थोडं थोडं तेल सोडलं, मध्ये चहा झाला. तेल मुरायला खरं तर रात्रभर द्यावी लागते, पण गाव रात्रभर थांबलं असतं. चाचांनी पुलीच्या बोल्टला पाना लावला आणि डोळे मिटून जोर दिला. पाना वीतभर फिरला.

“जिंदा है,” चाचा म्हणाले. टाळ्या पडल्या.

ही टाळी मला महागात पडणार हे दिसत होतं, म्हणून मी घाईनं कागदं मागितली. आरसी बुकावर जिल्हा उस्मानाबाद. बरोबरच आहे, लातूर जिल्हा झाला 1982ला. आता त्या उस्मानाबादचंही धाराशिव झालंय. नोंदणी पंधरा वर्षांची, म्हणजे 1996ला संपली; पुढं दर पाच वर्षांनी नूतनीकरण करायचं ते कुणी केलेलं नाही. ते करायचं तर गाडी आरटीओत नेऊन दाखवायला हवी, आणि ज्या गाडीला कार्बोरेटर नाही ती आरटीओत जाणार ट्रॉलीवर बसून. शिवाय मालक म्हणून नाव तात्यांचं. आधी फॉर्म 31 भरून गाडी वारसाच्या नावावर, मग 29 आणि 30 भरून माझ्या.

“2031ला पन्नास वर्षं भरत्यात,” बापू म्हणाले. “मग सरकारच व्हिंटेज म्हणणार. आन् मुंबईत 2023ला पद्मिनी टॅक्सी बंद झाल्यापासून माल ऱ्हायलाय कुठं?” त्यांनी आकडा सांगितला. त्यात एक चालू, एसी असलेली, कार्बोरेटरची गरजच नसलेली जुनी मारुती सहज आली असती. चाचांनी ठसका लागल्याचं सोंग केलं. मी निम्म्यावर आलो. बापू दुखावले नाहीत. “एकदा ताईला इचारतो,” म्हणाले. वारसांत चार भाऊ आणि सोलापूरची एक बहीण.

भावांचं काही म्हणणं नव्हतं. ताईंचं होतं. स्पीकरवर असल्यानं ते गंजीपलीकडंही ऐकू गेलं, “बापू, त्या गाडीतून मी सासरी गेलीय. इकलीस तर दिवाळीला तुझ्या दारात पाय ठेवायची न्हाई.”

बापूंनी फोन खिशात घातला, टोपी सारखी केली आणि अतिशय मोकळेपणानं माझ्या खांद्यावर हात ठेवला.

“तिची समजूत काढतो मी. तुम्ही आलाव तर चाकांत हवा तेवढी मारून जाव.”

चाचा तोवर पंप काढायला गेलेही होते.