'दोन दिवस उपाशी ठेवा' म्हणणाऱ्यांनो, हे वाचा

गेल्या आठवड्यात आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एक मेसेज आला. वर ठळक अक्षरांत 'आजकालच्या मुली जेवत का नाहीत?', खाली काही मुद्दे, शेवटी 'प्रत्येक आईपर्यंत पोहोचवा'. मुद्दे थोडक्यात असे. न जेवणं हा आजार नाही, हट्ट आहे. दोन दिवस उपाशी ठेवा, पोटात आग पडली की मुकाट्याने ताटावर बसेल, मग तूप घालून भरपूर वाढा. हे श्रीमंतांचं परदेशी खूळ आहे, आपल्या आज्यांच्या वेळी नव्हतं. वजन नीट आहे तोवर काळजी नको. सगळा दोष मोबाईलचा. आणि सकाळ-संध्याकाळ ओवा-सुंठीचा काढा द्या.

असले मेसेज मी एरवी वाचतही नाही. पण हा एका काकूंनी माझ्या वहिनीला वेगळा पाठवला, 'करून बघ, काही होत नाही' असं वर लिहून. माझी भाची बारावीला आहे आणि दिवाळीपासून तिच्यावर अ‍ॅनोरेक्सियाचे, म्हणजे स्वतःला उपाशी ठेवत जाण्याच्या मानसिक आजाराचे, उपचार चालू आहेत. वहिनीचा मला फोन आला, "खरंच करून बघू का हो ताई? डॉक्टरांचं फार हळू चाललंय." एवढी खचलेली आई काहीही करून बघायला तयार होते. म्हणून हा मेसेज मला नुसता डिलीट करून सोडता येत नाही.

काकू म्हणतात, काही होत नाही. काय होतं ते माणसांवर करून पाहिलेलं आहे. १९४४-४५ साली अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज या शास्त्रज्ञाने ३६ तरुण निवडले. सगळे धडधाकट, मनानेही खंबीर, आपणहून पुढे आलेले. युरोपात युद्धामुळे उपासमार चालू होती, त्या लोकांना पुन्हा अन्नावर कसं आणायचं हे कळावं म्हणून हा प्रयोग होता. २४ आठवडे त्यांना गरजेच्या जेमतेम निम्मं अन्न दिलं. त्यांचं वजन सुमारे चतुर्थांशाने घटलं. ते तर होणारच होतं. मनाचं जे झालं ते या मेसेजवाल्यांनी वाचायला हवं.

ही माणसं चिडचिडी झाली, उदास झाली, मित्रांपासून तुटली. दिवसरात्र डोक्यात फक्त अन्न. काहीजण पाककृतींची पुस्तकं जमवायला लागले. ताटातल्या घासाचे बारीक तुकडे करायचे, एक जेवण तासन् तास पुरवायचं. एकाने तर पुढे कुऱ्हाडीने स्वतःची बोटं तोडली. आधी यांतल्या कोणालाही मनाचा आजार नव्हता. उपासमारीने तो आणला. आणि अन्न पुन्हा मिळायला लागल्यावरही सगळं लगेच ताळ्यावर आलं नाही; कितीही खाल्लं तरी पोट भरल्याची जाणीवच होत नाही, असं कित्येकांचं महिनोन् महिने चाललं.

माझी भाची तेच करत होती. दिवसभर रेसिपीचे व्हिडिओ पाहायची. घरातल्या सगळ्यांसाठी पावभाजी करायची, आग्रह करकरून वाढायची, स्वतःच्या ताटात अर्धी पोळी, तीही नखाएवढ्या तुकड्यांत. आम्हाला वाटायचं, स्वयंपाकाची आवड आहे म्हणजे ठीक आहे. ती आवड नव्हती, उपाशी मेंदू होता. या मुलांना भूक लागत नाही असं नाही. लागते, आणि तिचीच भीती वाटते. भूक मारली की जिंकल्यासारखं वाटतं. अशा मुलीला आणखी दोन दिवस उपाशी ठेवणं म्हणजे आजाराला जे हवंय तेच हातात देणं.

त्यापुढचं 'मग भरपूर वाढा' तर थेट जिवावरचं आहे. बरेच दिवस नीट न खाल्लेल्या शरीरात एकदम भरपूर अन्न गेलं की रक्तातलं फॉस्फरस झपाट्याने खाली येऊ शकतं आणि हृदय बंद पडू शकतं. दुसऱ्या महायुद्धानंतर सुटलेल्या उपाशी कैद्यांमध्ये डॉक्टरांनी हे डोळ्यांनी पाहिलं. वजन फार उतरलेल्या मुलांना रक्त तपासत तपासत, बेताबेताने अन्नावर आणतात ते याचसाठी. वहिनीला जे हळू वाटतंय त्याला कारण आहे.

एक गोष्ट मात्र नाइलाजाने मान्य करते. 'जेवणाच्या बाबतीत आईवडिलांनी ठाम राहावं' हे त्या मेसेजमधलं वाक्य अर्धं खरं आहे. लंडनच्या मॉडस्ली रुग्णालयात सुरू झालेल्या पद्धतीत काय खायचं, किती खायचं हे सुरुवातीला आईवडीलच ठरवतात. पण तो ठामपणा खाऊ घालण्याचा आहे. प्रत्येक जेवणाला शेजारी बसायचं, रडारड झाली तरी ताट उचलायचं नाही, रागवायचं नाही, टोमणे मारायचे नाहीत. हे उपाशी ठेवण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे. वहिनी ते रोज करते आहे.

आता परदेशी खुळाबद्दल. अ‍ॅनोरेक्सियाला हे नाव लंडनच्या विल्यम गल यांनी १८७३ साली दिलं, आणि तशी मुलगी इंग्लंडमधल्याच रिचर्ड मॉर्टन या वैद्याने १६८९ मध्ये वर्णन करून ठेवली आहे. तेव्हा ना टीव्ही होता ना मोबाईल. आपल्याकडचं म्हणाल तर दिल्लीच्या एम्समधल्या मानसोपचारतज्ज्ञांनी १९९५ मध्ये पाच तरुणींची माहिती छापली: खायला नकार, सतत उलट्या, खूप घटलेलं वजन, बंद झालेली पाळी. आपण जाड दिसतो असं काही त्यांच्यात आढळलं नाही. आपल्या घरांत हेच चुकतं. मुलगी 'मला बारीक व्हायचंय' म्हणत नाही, 'पोट फुगतं', 'गिळवत नाही' म्हणते आणि घरचे पोटाच्या डॉक्टरांकडे खेटे घालत राहतात. नाहीतर ती उपास धरते. संकष्टी, गुरुवार, श्रावणी सोमवार, नवरात्राचे नऊ दिवस. घरात कौतुक होतं, नैवेद्याचं ताट तीच सजवते, आणि कोणाला शंका येत नाही. उपासाला माझा विरोध नाही. पण सोळा वर्षांची मुलगी एकाएकी आठवड्यात तीन-तीन उपास करायला लागली, तर पाळी नियमित येते का, थंडी फार वाजते का, चक्कर येते का, हे आईने विचारायलाच हवं.

वजनाचा मुद्दा चूक आहे, एवढं पुरे नाही; तो धोक्याचा आहे. बुलिमिया या खाण्याच्या दुसऱ्या आजारात मूल भराभर खातं आणि मग उलटी काढतं. वजन चारचौघांसारखंच राहतं, आणि आत रक्तातलं पोटॅशियम उतरून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. जेवण झालं की लगेच बाथरूम, नळ मोठ्याने सोडलेला, दातांचं झिजलेलं आवरण, बोटांच्या सांध्यांवर घट्टे: वजनाच्या काट्याआधी हे पाहा. आणि हे फक्त मुलींचं नाही. जिमच्या नावाखाली पोळी-भात सोडून दिलेली मुलंही यात सापडतात.

मोबाईल? थोडाफार हात आहे त्याचा, नाही म्हणत नाही. पण अ‍ॅनोरेक्सियात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असल्याचं जुळ्यांवरच्या अभ्यासांतून दिसलेलं आहे. नुसता फोन काढून घेऊन हा आजार जात नाही. काढ्याबद्दल सांगायचं तर, भूक न लागणं हा मुळात प्रश्नच नसताना भूक वाढवून काय साधणार?

हा मेसेज ज्यांनी पुढे पाठवलाय त्यांनी ज्या ज्या आईला तो गेला तिला फोन करावा आणि हे करू नको म्हणून सांगावं. ग्रुपवर 'सॉरी' टाकून भागणार नाही. आणि जिच्या घरात असं मूल आहे तिने डॉक्टरांकडे जाऊन वजन, नाडी, रक्तदाब, ईसीजी, पोटॅशियम, फॉस्फरस एवढं पाहून घ्यावं, सोबत मानसोपचारतज्ज्ञ. कोणाकडे जायचं कळत नसेल तर टेलीमानस या मानसिक आरोग्याच्या सेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, फुकट आहे, मराठीतही बोलता येतं. चक्कर येऊन पडली, छातीत धडधड होतेय किंवा पाणीसुद्धा पोटात ठरत नाहीये, असं असेल तर फोन करत बसू नका, तडक दवाखाना गाठा.