प्लंबरला ब्लॉक होतो का? हो, होतो

दिवाळी अंकांना मजकूर द्यायचे दिवस आले की एक मेसेज हमखास फिरतो : ‘रायटर्स ब्लॉक, म्हणजे लिहिताना अडणं, असं काही नसतंच, तो आळशांचा बहाणा. प्लंबरला कधी ब्लॉक होतो का? इंग्रज कादंबरीकार ट्रोलॉपसारखं घड्याळ लावून बसा आणि रोज हजार शब्द लिहा.’ माझ्या ओळखीची एक मुलगी पहिलीच कथा लिहिताना अडली होती. हे वाचून तिने वहीच मिटली. म्हणून उत्तर देतोय.

आधी प्लंबर. आमच्या बाथरूमच्या भिंतीला ओल आली तेव्हा आलेल्या माणसाने तासभर एक टाइल फोडली नाही. एकेक कॉक बंद करून पाहिला, भिंतीला तळवा लावला, वरच्या मजल्यावर जाऊन आला. गळती कुठे आहे हे कळेपर्यंत त्याने छिन्नीला हात लावला नाही. त्याला कोणी आळशी म्हटलं नाही.

आता आळस. लिखाणाचे अमेरिकी अभ्यासक माइक रोझ यांनी १९८० साली लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातल्या १० विद्यार्थ्यांच्या लिहिण्याच्या पद्धतीवर लेख लिहिला. त्यातले ५ अडणारे, ५ न अडणारे. अडणारे कामचुकार नव्हते. ते लिखाणाचे नियम दगडावरची रेघ समजून पाळत होते. त्यातली एक मुलगी प्रत्येक वाक्य पहिल्याच फटक्यात निर्दोष उतरलं पाहिजे म्हणून तासन्‌तास सुरुवातीलाच अडून बसायची. तिला ‘आणखी मेहनत कर’ सांगून काय होणार?

ट्रोलॉपचं उदाहरण खरं आहे, पण अर्धंच. पोस्टाची नोकरी सांभाळून तो पहाटे साडेपाचला लिहायला बसायचा, घड्याळ समोर ठेवून पाव तासाला २५० शब्द लिहायचा. पण आत्मचरित्रात तोच सांगतो की, त्याला उठवून कॉफी आणून देण्यासाठी एक म्हातारा नोकर होता, त्या कामाचे वर्षाला ५ पौंड जादा. आणि पहिला अर्धा तास आदल्या दिवशीचं लिखाण वाचण्यात जायचा. हा अर्धा तास मेसेजमधून गळतो, आणि मला तोच सगळ्यात मोलाचा वाटतो.

रोज बसावं, हे मलाही मान्य आहे. पण नुसतं बसून भागत नाही. विधवा आत्या कायमची माहेरी येते, अशी कथा मी लिहीत होतो. तीन आठवडे रोज बसलो, चौदा वेळा सुरुवात केली, सगळं आत्याच्या तोंडून. जमेना. मग एका संध्याकाळी दार उघडणाऱ्या भावजयीकडे लक्ष गेलं. तिची नजर आधी आत्याच्या चेहऱ्याकडे जात नाही, हातातल्या बॅगेकडे जाते : केवढी आहे, किती दिवसांची आहे. कथा तिची होती. मी चुकीच्या माणसाला बोलायला लावत होतो, म्हणून हात थांबत होता. त्या तीन आठवड्यांत रोज हजार शब्द लिहिले असते, तर ते सगळे चुकीच्या तोंडचे असते.

कधी माहितीच अपुरी असते. तेव्हा उठून माणसांना विचारावं लागतं. कधी घरचं कोणी वाचेल ही भीती असते. कधी शरीर थकलेलं असतं, तेव्हा झोपावं.

त्या मुलीला मी एवढंच म्हटलं, पहिलं वाक्य राहू दे, तुला जे डोळ्यांसमोर दिसतंय तिथून लिही. काल तिने दुसरं पान पाठवलं. पहिलं अजून कोरं आहे.