इमर्जन्सी अलार्मवर ‘दोन वायरी पिळा’ हा उपाय नाही

हिंगणघाट भागात कापसाच्या जिनिंग मशीनचे शाफ्ट-रोलर करणाऱ्या वर्कशॉपवाल्यांत एक मेसेज फिरतोय: सीएनसीचा (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनचा) इमर्जन्सी अलार्म जात नसेल तर लाल बटणाच्या दोन वायरी एकत्र पिळा, मशीन चालू होते.

चालू होईलही. पण मग संकटात ते बटण दाबून काहीच होणार नाही. कृपा करून हे करू नका, पोरांचे हात असतात तिथं.

इमर्जन्सी बटणाच्या वायरिंगच्या लाइनमध्ये सहसा २४ व्होल्ट सतत फिरत असतात; बटणातून, बऱ्याच मशीनवर टोकाच्या लिमिट स्विचमधूनही (मशीनचा भाग हद्दीबाहेर गेला की लाइन तोडणारा स्विच). कुठंही तुटलं की अलार्म येतो, आणि तो यावाच अशी ती जोडणी असते. फॅनुक कंपनीच्या कंट्रोलरवर एक्स ८.४ हा बिट, म्हणजे या लाइनचा सिग्नल, ० दिसला तर लाइन खरंच तुटली आहे.

आधी २४ व्होल्टचा सप्लाय आणि फ्यूज बघा. मग मीटर घेऊन एकेका टर्मिनलवर व्होल्टेज मोजत पुढं जा. जिथं गायब, तिथंच दोष. आमच्याकडं लिमिट स्विचचं झाकण उघडलं तर आत कूलंट (कटिंगवर सोडतात ते थंड करणारं पाणी) साचलेलं, कॉन्टॅक्ट हिरवा पडलेला. स्विच बदलला, अलार्म गेला. कधी बटणामागचा कॉन्टॅक्ट ब्लॉक नुसता निसटलेला असतो.