भाकड म्हैस

रविवार, 5 तारीख. खात्यात 26,050 रुपये, घराचा हप्ता 26,035. पंधरा रुपये वरकड आहेत म्हणून निवांत झोपलो. पहाटे बँकेनं एसएमएस पाठवण्याचे तीन महिन्यांचे 15 रुपये आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, असे 17 रुपये 70 पैसे कापले. उरले 26,032.30. हप्ता परत. तो परतल्याचा एसएमएस मात्र लगेच आला, तेवढी सेवा चोख.

पूर्वी हप्ता रविवारी आला की सोमवारपर्यंत दम खाता यायचा. 1 ऑगस्ट 2021 पासून खात्यातनं आपोआप हप्ता कापणारी यंत्रणा सुट्टीदिवशीही चालते. तिचं नाव नॅच, मी नाच म्हणतो. तिला अर्धामुर्धा हप्ता कळत नाही. पुरले तर सगळे, नाहीतर शून्य.

सोमवारी शाखेत. दंड 500, वर जीएसटी, झाले 590. कर्ज देणारे त्यांचा दंड वेगळा लावणार. मॅडम म्हणाल्या, "सिस्टीमनं कापलंय, सर."

मागं पासबुक भरायला आलेले एक मामा.

"पावणं, किती कमी पडलं?"

"दोन रुपये सत्तर पैसे."

"किती?" त्यांना ऐकू आलं होतं. बाकीच्यांनाही ऐकू जायला हवं होतं.

मामांनी बंडीच्या खिशातनं एक दोनाचं आणि एक रुपयाचं नाणं काढून काउंटरवर ठेवलं. "बाई, ह्यांचं जमा करा. तीस पैसं पावण्यांनी म्हागारी द्यावं."

रांग हसली. बंदूकवाला वॉचमनसुद्धा.

"कर्ज कशाचं?"

"घराचं. पाचगावला. तीस लाख, साडेआठ टक्के, वीस वर्षं."

"म्या म्हशीला काढलंय. दूध बिलातनं कापून जातंय. म्हैस आल्या दिसापासनं दूध देतीय. तुमचं घर काय देतंय?"

इथं मी खरं बोललो, ही चूक. पहिल्या 26,035 मधले 21,250 व्याजाचे, मुद्दलात 4,785. हप्त्यात मुद्दलाचा वाटा व्याजापुढं जायला जवळजवळ बारा वर्षं.

मामांनी बोटांवर मोजलं. "बारा वर्सं नुसती वैरण? अवो, भाकड हाय ती! इकून टाका."

"आणि राहू कुठं?"

"गोठा हाय की."

मला राग मामांचा नव्हता. मे 2022 ते फेब्रुवारी 2023 मध्ये रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दरानं उसनं देते तो, 4 टक्क्यांवरून 6.50 वर गेला, आणि घरकर्जाचे दरही मागोमाग चढले. 30 लाख, 7 टक्के, वीस वर्षं, याचा हप्ता 23,259. वर्षभर भरल्यावर दर साडेनऊ झाला आणि हप्ता तोच ठेवला, तर महिन्याचं व्याजच 23,185. मुद्दलात पडणार 74 रुपये, म्हणजे लिटरभर म्हशीचं दूध. मग मुदत लांबवतात, आणि माणूस निवृत्त झाला तरी हप्ता नोकरीतच. दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला विचारा, असं रिझर्व्ह बँकेला ऑगस्ट 2023 मध्ये सांगावं लागलं. मला विचारणारे फोन येतात ते क्रेडिट कार्डासाठी.

उपाय माहीत आहे. वर्षाला एक हप्ता जादा भरला तर साडेआठ टक्क्यांचं ते कर्ज साधारण साडेतीन वर्षं आधी फिटतं. बदलत्या दराच्या घरकर्जाला त्याचा दंडही नाही. फक्त अर्जात 'मुदत कमी करा' असं लिहून द्यायचं, नाहीतर काही जण हप्ताच कमी करून मोकळे होतात. पण जादा हप्ता आणायचा कुठनं? सोसायटीचा मेंटेनन्स, उन्हाळ्यात टँकर, पोरांची फी. पाच तारखेच्या आत घरात मटणाचं नाव काढायचं नाही. रविवारी तांबडा-पांढरा शेजारच्यांच्या खिडकीतनं येतो, वास तेवढा फुकट.

हे सगळं मामांना ऐकवत दारापर्यंत आलो. तीस पैसे द्यायचे राहिले होते. खिशात सुट्टं नाही, आणि असतं तरी 25 पैशांपर्यंतची नाणी 2011 च्या जूनअखेर बंद झालेली.

"ऱ्हाऊ द्या," मामा म्हणाले. "मुदत वाढवतो."