एक बार, सतरा चिंध्या

"न्हाणीतून कुजक्या अंड्यांचा वास येऊलाय रे!" आई सोप्यातून ओरडली.

आई माळकरी. आमच्या घरात अंडं आलंच तर कोंबडीच्या पोटातून येणार, आणि तेही कोंबडी वाट चुकली तर. मी न्हाणीत उकिडवा बसून बंदुकीची नळी धूत होतो. आतूनच तिला समजावलं की हा अंड्यांचा नव्हे, गंधकाचा वास. दारूच्या राखेत पोटॅशियम सल्फाइड असतं, त्याला पाणी लागलं की हायड्रोजन सल्फाइड वायू सुटतो. बाहेर क्षणभर काहीच ऐकू आलं नाही. मग आई माझ्या बायकोला हळूच म्हणाली, "दारू म्हणाला बघ. आता अंड्याचं काय घेऊन बसायचं!"

बेळगावच्या खानापूर तालुक्यात जांबोटीच्या पलीकडे आमचं गाव. पिकं दोन, भात आणि रताळी. गिऱ्हाईक एकच, रानडुक्कर. आज्ज्यानं पिकाच्या राखणीसाठी लायसन काढून ठासणीची, म्हणजे तोंडातून दारू भरायची, एकनळी बंदूक घेतली. ती आज्ज्यानंतर अण्णांच्या नावावर आली आणि अण्णांनंतर माझ्या. वाटण्या झाल्या तेव्हा चुलत्यांनी विहिरीचा हिस्सा, बांधावरचा फणस आणि एक तांब्याचं घंगाळ यांवरून तीन वर्षं आमच्याशी बोलणं सोडलं होतं. बंदूक मात्र सगळ्यांनी एकमतानं माझ्या गळ्यात घातली. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

लायसनचं पुस्तक कन्नड, बंदूक मराठी आणि डुकरं बहुधा गोव्याच्या रानातून उतरणारी. डुकराला मारायचा प्रश्नच नाही. एक तर १९७२ चा वन्यजीव कायदा आडवा येतो, आणि कायदा नसता तरी आई आडवी आलीच असती. तेव्हा आमची बंदूक म्हणजे बारमाही फटाका. नुसती दारू ठासायची, आभाळाकडे बार काढायचा, डुकरं पळायची. सगळं मिळून एक क्षण. त्या एका क्षणाचं निस्तरायला पुढचे दोन दिवस.

याचं कारण मी दरवर्षी नववीच्या पोरांना सांगतो. काळी दारू म्हणजे १०० भागांत ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा आणि १० भाग गंधक. जळली की तिचा सगळा धूर होत नाही. वजनानं निम्म्याहून जास्त माल घनरूपात मागे राहतो आणि त्यातला बराचसा नळीत चिकटतो. या राखेतले क्षार हवेतलं पाणी ओढून घेतात, आणि ओल्या क्षारांशी गाठ पडलेलं लोखंड फार वाट बघत नाही. जिथं पावसाळ्यात कपाटातल्या चपलेला मिशा फुटतात त्या जांबोटीच्या हवेत तर एका रात्रीत काम तमाम. पोरं हे वहीत लिहून घेतात. मास्तर स्वतः लक्षात ठेवत नाहीत, ती गोष्ट वेगळी.

धुण्याची रीत आज्ज्यानं घालून दिलेली. आधी बार ठासायचा गज नळीत सोडून बघायचा. रिकाम्या नळीत गज तळापर्यंत गेला की बाहेर किती उरतो, तिथं आज्ज्यानं चाकूनं खूण केली आहे. खूण नळीच्या तोंडाच्या वर राहिली तर आत बार आहे, नळीला हात लावायचा नाही. आमच्या घरात सातबाऱ्याखालोखाल किमतीची नोंद हीच. मग केप, म्हणजे बार पेटवणारी टिकली, जिच्यावर बसते ती बारीक भोकाची बोंडी काढून नळी लाकडी दस्त्यापासून सोडवायची, बूड बादलीत उभं करायचं आणि गजाला चिंधी बांधून वरखाली ओढायचं. बोंडीच्या भोकातून पाणी आत शिरतं आणि बाहेर पडतं, अगदी पिचकारीसारखं. पहिल्या पाण्याला शाईचा रंग, दुसऱ्याला चुलीच्या राखेचा, तिसऱ्याला पोस्टाच्या चहाचा. पाणी उकळतं की कोमट, यावर आमच्या घरात दोन पक्ष आहेत. आज्जा उकळतं घ्यायचा, कारण तापलेली नळी आपोआप सुकते. पण तापलेल्या ओल्या लोखंडावर बघता बघता तांबूस झाक चढते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. म्हणून मी कोमट पक्षात. बायको तिसऱ्या पक्षात: "माझ्या बादलीत नको."

पण पाणी सोपं, सुकवणं अवघड. चिंध्यांवर चिंध्या घालायच्या आणि बाहेर आलेल्या प्रत्येकीचं तोंड बघायचं. आमच्या आळीत एक निवृत्त सुभेदार आहेत. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावातच असल्यानं या भागात प्रत्येक आळीला सरासरी एक सुभेदार येतोच. त्यांनी मोठ्या उत्साहानं दोरी आणली. म्हणाले, फौजेत दोरीला चिंधी लावून एका टोकातून सोडतो आणि दुसऱ्या टोकातून ओढतो, झाली बंदूक साफ. त्यांनी दोरी सोडली, नळी उलटीसुलटी केली, बुडात बोट घातलं आणि माझ्याकडे बघून विचारलं, "मास्तर, दुसरं टोक कुठाय?"

तेच तर. ठासणीच्या बंदुकीला दुसरं टोक नसतं. सगळा कारभार पुढच्या दारानं, धुणंसुद्धा. उजेडाला धरून आत बघता येत नाही. आतलं काय चाललंय ते चिंधी सांगेल तेवढंच कळणार, जसं सासरी गेलेल्या पोरीचं पत्रावरून कळायचं. आमची नळी निदान आतून गुळगुळीत आहे. रायफलीच्या नळीत पिळाच्या खाचा असतात आणि प्रत्येक खाचेत राख दडते, म्हणे. आज्ज्यानं रायफल घेतली नाही, हे त्याचे माझ्यावर उपकार.

एकदा चिंध्या संपल्या म्हणून मी जुनं बनियन दुमडून घातलं. ते गेलं. गज परत आला, बनियन आलं नाही. आज्ज्याच्या डब्यात गजाला लावायचा पिळाचा आकडा निघाला म्हणून निभावलं, नाहीतर ते बनियन आजही तिथंच असतं. आकडा फिरवून ते काढायला पाऊण तास गेला. त्या पाऊण तासात वाटेनं जाणाऱ्या प्रत्येकानं थांबून "काय करूलास?" विचारलं, आणि प्रत्येकाला "बनियन काढूलोय" हे उत्तर द्यावं लागलं.

सुकली की तेल. इथं तर गावात जेवढी डोकी तेवढी तेलं. २०२४ च्या लोकसभेला आचारसंहिता लागली, तशी मार्चमध्ये मी बंदूक ठाण्यात जमा केली. (आमचा तालुका बेळगाव जिल्ह्यात, लोकसभेचं मत उत्तर कन्नड मतदारसंघात. सीमाभागात एवढं चालायचंच.) ७ मेला मतदान, ४ जूनला निकाल, आणि मी बंदूक आणायला गेलो तेव्हा मृग कोसळत होता. "तगोंड होग्री, मास्तर," हवालदार म्हणाले. मी सही करून घेऊन आलो. घरी येऊन चिंधी फिरवली ती गेरूत बुडवल्यासारखी बाहेर आली. दोष ठाण्याचा नव्हता. मार्चच्या गडबडीत मीच ती कोरडी ठणठणीत देऊन आलो होतो. चुलतभावाला फोन करून कळवळून सांगितलं, "अरे, तांबेरा पडला!" तो म्हणाला, "सोयाबीनवर? मग फवारणी कर की."

त्यानंतर मी तेलाच्या बाबतीत हळवा झालो. सुभेदारांनी यंत्राचं तेल दिलं. ते त्यांच्या फौजी बंदुकीला ठीक, पण काळ्या दारूची राख आणि खनिज तेल एकत्र आलं की त्याचं डांबर होतं, ते खरवडायला आणखी नऊ चिंध्या. दस्त्याला लावायचं जवसाचं तेल एकदा चुकून नळीत गेलं. ते लाकडावर वाळून सुंदर पापुद्रा धरतं आणि नळीतही तेवढ्याच सुंदरपणे धरतं. आज्जा पोळ्याचं मेण तेलात वितळवून लावायचा; पण आग्या मोहोळापर्यंत चढायची माझी तयारी नाही. शेवटी आई म्हणाली, "डोक्याला लावतोस ते खोबरेल लाव की. तुझं डोकं कुठं गंजलंय?" हे कौतुक समजून मी खोबरेल लावलं. जूनपासून नोव्हेंबरपर्यंत नळी आरशासारखी. मी खूश.

मग डिसेंबर आला.

शनिवारी रात्री गडी दार ठोठावत आला, "मास्तर, डुकरं! रताळी खाऊल्यात!" मी कानटोपी चढवून धावलो. नियम असा की बार भरण्याआधी नळीतलं तेल कोरड्या चिंधीनं पुसायचं आणि एकदोन नुसत्या केपा उडवून बोंडीचं भोक मोकळं करायचं. पण रताळी डोळ्यांदेखत जात असताना नियम कोण बघतो! शिवाय केपा मी मोजून वापरतो. बार भरला, गजानं ठासला, केप बसवली, नळी आभाळाकडे केली आणि चाप ओढला.

फट्.

फुटाणा फुटावा तेवढा आवाज. खोबरेल २४ अंशांच्या खाली गोठतं. डब्याला चमचा लागत नाही म्हणून बायको डबा उन्हात ठेवते, हे मी रोज बघतो. बोंडीच्या भोकात त्याची पांढरीशुभ्र वडी झाली होती. आणि बार उडाला नाही तर बंदूक लगेच खाली घ्यायची नसते. आत ठिणगी दबा धरून बसलेली असू शकते. निदान मिनिटभर नळी तशीच आभाळाकडे धरून थांबायचं. मी थांबलो, थंडीत, कानटोपी घालून, चांदण्यांना नेम धरून. डुकरांनी एकदा मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि पुढच्या सरीला लागली. गडी अदबीनं म्हणाला, "मास्तर, शाळेत असंच उभं करता न्हवं पोरांना?"

नंतर खिशातल्या टाचणीनं भोक मोकळं केलं, दुसरी केप लावली आणि बार असा उडाला की गावातली कुत्री पहाटेपर्यंत त्यावर चर्चा करत होती. म्हणून रविवारी सकाळी न्हाणी, बादली, कुजकी अंडी आणि वर सांगितलेला संवाद.

रविवारी रात्री नळी सोप्यात भिंतीला उभी, बोंडी बशीत, दस्ता खुंटीला, आणि मी कंदिलाजवळ सतरावी चिंधी घेऊन बसलो होतो. ती जवळजवळ पांढरी आली. जवळजवळ. अठरावी फाडायला घेतली तोच परसात फूं-फूं ऐकू आलं. डुकरं! या खेपेला गोठ्यामागच्या वाफ्यात. मी बशीकडे बघितलं, खुंटीकडे बघितलं, हातातल्या चिंधीकडे बघितलं.

आई उठली. मांडणीवरचं पितळी ताट घेतलं, उलथनं घेतलं, मागचं दार उघडलं आणि काकड्याला टाळ वाजवावेत तशी दणादण वाजवत सुटली. मिनिटभरात परस रिकामं.

आत येऊन तिनं ताट एकदा विसळलं आणि मांडणीवर पालथं घातलं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "चालू दे तुझं."