घरसभेवर फिरणाऱ्या त्या मेसेजला उत्तर

गेल्या महिन्यापासून इकडच्या ख्रिस्ती मंडळ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. नंदुरबारला मला तो एकाच दिवसात चौघांकडून आला, त्यातले दोघे आमच्याच मंडळीतले. मेसेजचं म्हणणं असं: घरसभा, म्हणजे आठवड्यात कुणाच्या तरी घरी जमून वाचन-प्रार्थना, ही परदेशी टूम आहे, रविवारची उपासना पुरे. पाळकाशिवाय, म्हणजे पास्टरशिवाय, घरात बायबलचं वचन उघडलं की चुकीची शिकवण पसरते. समाजसेवा हे मिशनच्या दवाखान्यांचं काम, आपण काही कर्मांनी तरणार नाही. घरसभेत शेवटी होतं काय, तर चहा, चुगल्या आणि उसनवारी. ज्याला विश्वासात वाढायचंय त्याने आपल्या खोलीत एकट्याने गुडघे टेकावेत.

चहा-चुगल्यांपासून सुरुवात करतो, कारण तो आरोप निम्मा खरा आहे. आमच्या शुक्रवारच्या घरसभेत चहा होतो आणि चुगल्याही झाल्या आहेत. एका बहिणीने मुलाच्या दारूसाठी प्रार्थना करायला सांगितलं, आणि रविवारपर्यंत ती गोष्ट मंडळीभर झाली. पुढे सात-आठ महिने ती आलीच नाही. ‘प्रार्थनेचा विषय’ म्हटलं की चुगलीसुद्धा सोवळी होते, हे आम्हाला तेव्हा कळलं. उसने घेतलेले तीन हजार फेडता आले नाहीत म्हणून एक भला माणूस तोंड चुकवायला लागला, तो वेगळाच. तेव्हापासून दोन नियम आहेत: इथलं इथेच राहील, आणि पैसे द्यायचे तर परत न मागण्याच्या तयारीने द्यायचे. नियम अधूनमधून मोडतात. मग पुन्हा सांगतो.

आता परदेशी टूम. बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये २:४६ काढून बघा. पहिले विश्वासी मंदिरातही जमत होते आणि घरोघरी भाकरही मोडत होते; दोन्ही गोष्टी एकाच वचनात आहेत. प्रेषित पौल रोमकरांस लिहिताना प्रिस्का आणि अक्विला यांच्या घरी जमणाऱ्या मंडळीला सलाम सांगतो, कलस्सैकरांस लिहिताना नुंफाच्या घरच्या मंडळीला. चर्चची इमारत फार नंतरची. उत्खननात सापडलेलं सगळ्यांत जुन्यांपैकी एक ख्रिस्ती उपासनास्थळ सीरियातल्या दुरा-युरोपसचं, इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातलं, आणि तेही मुळात एक राहतं घरच. आणि ओसरीवर टाळ घेऊन बसायला महाराष्ट्राला कुणी परदेशातून शिकवायला हवं होतं का? रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ साली साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तशिष्यांचा मेळा मांडला, तेव्हा बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले दोघांनाही त्यात जागा होती.

हो, इंग्लंडमधलं एक उदाहरण मला आवडतं, ते लपवत नाही. १७४२ साली ब्रिस्टलला मेथडिस्ट पंथाचा प्रवर्तक जॉन वेस्ली याच्या मंडळीवर इमारतीचं कर्ज होतं. ठरलं असं की प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यायची, आणि साधारण बारा जणांमागे एकाने ती गोळा करायची. पेनीसाठी दारोदार फिरताना त्या माणसांना कळायला लागलं की कुणाच्या घरात भांडण आहे, कोण पुन्हा प्यायला लागलंय. वसुली करता करता विचारपूस सुरू झाली, आणि मेथडिस्टांचे ‘क्लास’, म्हणजे छोटे गट, त्यातूनच उभे राहिले.

चुकीच्या शिकवणीची भीती मी झटकून टाकत नाही. पण प्रेषितांच्या कृत्यांतल्या अपुल्लो या प्रचारकाची गोष्ट आठवा. तो सभास्थानात धडाक्याने बोलत होता आणि त्याचं ज्ञान अर्धवट होतं. त्याला बाजूला घेऊन नीट समजावलं ते तंबू शिवणाऱ्या एका नवरा-बायकोने. आमचे पाळक दोन महिन्यांतून एकदा घरसभेत येऊन बसतात. एवढं पुरतं.

सेवेच्या मुद्द्यावर मात्र मला राग येतो. इफिसकरांस २:८-९ सगळ्यांना तोंडपाठ असतं, कृपेने तारण, कर्मांनी नव्हे. दहावं वचन वाचायच्या आत पुस्तक मिटतं, आणि तिथेच लिहिलंय की आपण सत्कृत्यांसाठी घडवले गेलो.

आमचं ‘समाजकार्य’ ठराव करून सुरू झालं नाही. एका बहिणीची मुलगी थंडी पडली की हातपाय धरून रडायची. दोन हिवाळे आम्ही फक्त प्रार्थना केली. मग आमच्यातल्याच एका नर्सबाईंनी विचारलं, सिकलसेल, म्हणजे आई-बापाकडून येणारा रक्ताचा आजार, तपासलंय का? आमच्या जिल्ह्यातल्या आदिवासी समाजात हा आजार किती आहे ते त्यांना माहीत, आम्हाला नाही. मुलगी रुग्ण निघाली, आई-बाप दोघे वाहक. वाहकाला स्वतःला सहसा त्रास होत नाही म्हणून पत्ताच लागत नाही. पण दोघेही वाहक असले की दर गरोदरपणात मूल आजारी निघण्याची शक्यता २५ टक्के. आता महिन्यातून एकदा आमच्यातले दोघे पाड्यावरच्या माणसांना सरकारी दवाखान्यात नेतात, केसपेपर काढून देतात, रिपोर्टसाठी पुन्हा खेटा घालतात. दिवाळीनंतर कुटुंबं गुजरातेत ऊसतोडीला गेली की मागे उरलेल्या म्हाताऱ्यांच्या गोळ्याही तेच बघतात. दवाखान्याच्या रांगेत आम्ही धर्मप्रचाराच्या पत्रिका वाटत नाही. येशूने दहा कुष्ठरोगी बरे केले, आभार मानायला एकच परतला. म्हणून बाकी नऊ जणांचं बरेपण त्याने काढून घेतलं नाही.

राहिला खोलीतल्या गुडघ्यांचा मुद्दा. थोरल्या भावाशी माझा शेताच्या बांधावरून वाद आहे. रविवारी दोन-तीनशे माणसांत प्रभूची प्रार्थना म्हणताना ऋण्यांना सोडल्याच्या, म्हणजे अपराध्यांना माफ केल्याच्या, ओळीला मी वर्षभर नुसते ओठ हलवले. कुणाला कळलं नाही. खोलीत तर ती ओळ मी सरळ गाळायचो. घरसभेत आम्ही नऊ जण. तिथे मी गप्प झालो तर शेजारी बसलेल्या आक्कांना लगेच ऐकू आलं, आणि त्यांनी सगळ्यांदेखत विचारलं. मी चिडलो, पुढचे दोन शुक्रवार गेलोच नाही. तिसऱ्या शुक्रवारी कळण्याची भाकरी आणि ठेचा घेऊन सगळे माझ्या दारात. आक्का म्हणाल्या, “तू उना नही, म्हनीसन आम्हीच उनूत.”

बांधाचा वाद अजून तहसीलमध्येच आहे. नाताळला मी भावाच्या दारात गेलो. त्याने आत बोलावलं नाही, पण चहा बाहेर आणून दिला.